बगॅसच्या धुरातला कार्बन जमिनीत गाडायचा, तर सुरुवात कुठून करावी?

प्रश्न इंदापूर तालुक्यातल्या एका ऊस उत्पादक सभासदाचा आहे. त्यांच्या सहकारी कारखान्याची गाळप क्षमता रोज ५,००० टन आहे. बगॅसवर, म्हणजे रस काढल्यावर उरणाऱ्या उसाच्या चोथ्यावर चालणारा सहवीजनिर्मिती (को-जन) प्रकल्प आहे, जोडीला रोज १०० किलोलिटरची डिस्टिलरी. एक सल्लागार कंपनी संचालक मंडळाला सांगून गेली की, चिमणीतून जाणारा कार्बन डायऑक्साइड पकडून खालच्या काळ्या कातळात सोडला की कारखाना ‘कार्बन निगेटिव्ह’ होईल आणि कार्बन क्रेडिट (हवेतून काढलेल्या कार्बनच्या टनामागे मिळणारं, विकता येणारं प्रमाणपत्र) विकून उसाला टनामागे चार पैसे जास्त देता येतील. यात कितपत तथ्य आहे आणि कारखान्याने यात पडावं का, असं त्यांनी विचारलंय.

पडावं. पण चिमणीपासून सुरुवात करू नये, आणि कातळ तपासल्याशिवाय एकाही क्रेडिटचा करार करू नये. मी पुण्यात बसून बरीच वर्षं को-जन बॉयलर आणि वायू शुद्धीकरणाच्या प्रकल्पांची कामं करते आहे, त्यामुळे आकड्यांसकट सांगते. हे आकडे तुम्हाला वार्षिक सभेत उभं राहून विचारता आले पाहिजेत.

मूळ कल्पना पक्की आहे. ऊस वाढताना हवेतला कार्बन घेतो, बगॅस जळला की तो परत हवेत जातो आणि वर्ष-दीड वर्षात हिशेब मिटतो. कोळशाच्या धुरातला कार्बन पकडला तर हवेत नवी भर पडायची थांबते, एवढंच. बगॅसच्या धुरातला पकडून कायमचा पुरला, तर हवेतला कार्बन खरोखर घटतो. जगात हे तंत्र ‘बेक्स’ या नावाने ओळखलं जातं. आयपीसीसी या हवामानबदलावरच्या आंतरराष्ट्रीय समितीच्या २०१८ च्या अहवालात तापमानवाढ १.५ अंशांवर रोखण्याचे जे मार्ग मांडलेत, त्यातल्या बहुतेकांनी या तंत्रावर थोडीफार भिस्त ठेवलेली आहे. आणि ऊस पट्ट्याइतका जैविक कार्बन एका जागी गोळा होऊन जळतो अशी ठिकाणं देशात फार नाहीत. म्हणून मला हा विषय मनापासून महत्त्वाचा वाटतो, आणि म्हणूनच त्याची सुरुवात चुकीच्या टोकाने झालेली मला नको आहे.

आता तुमच्या कारखान्याचा हिशेब. ५,००० टन उसातून साधारण २८ टक्के, म्हणजे १,४०० टन बगॅस निघतो. त्यात निम्मं पाणी. कोरड्या भागात वजनाने ४७ टक्क्यांच्या आसपास कार्बन. एक टन कार्बन जळला की ३.६७ टन कार्बन डायऑक्साइड होतो. म्हणजे गिरणीतून आलेल्या एक टन ओल्या बगॅसमागे सुमारे ०.८५ टन, दिवसाला १,२०० टन. हंगाम १५० दिवस चालला तर १ लाख ८० हजार टन. सल्लागारांनी दाखवला असेल तो आकडा हाच, आणि तो खोटा नाही.

पण हा वायू चिमणीत एकटा नसतो. धुरात त्याचं प्रमाण १२ ते १४ टक्के, बाकी सगळा नायट्रोजन, वाफ आणि उरलेला ऑक्सिजन. त्यातून तो वेगळा काढायला अमाइन या रसायनाचं द्रावण वापरतात. साधारण ४० अंशांवर थंड केलेला धूर द्रावणातून नेला की ते कार्बन डायऑक्साइड धरून ठेवतं, आणि १२० अंशांपर्यंत तापवलं की सोडून देतं. हे तापवणं म्हणजेच सगळा खर्च. नेहमीच्या अमाइनला टनामागे ३.५ गिगाज्यूलच्या आसपास उष्णता लागते. कारखान्याच्या भाषेत, एक टन वायू सोडवायला अडीच एटीएची (साधारण हवेच्या दाबाच्या अडीचपट दाबाची) सुमारे १.६ टन वाफ.

ही वाफ आणायची कुठून? टन बगॅसमागे २.३ टन वाफ धरली तर तुमचा बॉयलर दिवसाला ३,२०० टन वाफ देतो. साखर करायला उसाच्या ४२ टक्के वाफ लागते असं धरा, म्हणजे रस आटवणाऱ्या बॉडी आणि पॅनकडे २,१०० टन गेली. उरली १,१०० टन, जी आज टर्बाइनच्या शेवटच्या टप्प्यातून कंडेन्सरला जाते. ती सगळीच्या सगळी अमाइनला दिली तरी दिवसाला जेमतेम ७०० टन वायू पकडता येतो. म्हणजे चिमणीतला निम्म्याहून थोडा जास्त. सगळा पकडायचा म्हटलं तर साखरेच्या वाफेलाच कात्री लावावी लागेल.

आणि तो ७०० टनही फुकट मिळत नाही. कंडेन्सरला जाणारी वाफ टनामागे साधारण १०० युनिट वीज देते, ती गेली. पंखे, पंप आणि वायू शंभर बारच्या वर दाबणारा कॉम्प्रेसर यांना वायूच्या टनामागे आणखी शंभराच्या वर युनिट लागतात. गोळाबेरीज पकडलेल्या टनामागे २७० युनिटच्या आसपास. युनिटला पाच रुपये धरले तर नुसत्या विजेचेच १,३५० रुपये झाले. यंत्रसामग्रीचं कर्ज, अमाइन, माणसं, वाहतूक, साठवण सगळं वेगळं. ११० एटीएचा चांगला बॉयलर असला तरी ग्रीडला जाणारी वीज तिसऱ्या हिश्श्याहून जास्त घटेल.

इथे एक मेख आहे जी सादरीकरणात बहुधा येत नाही. तुम्ही ग्रीडला वीज कमी दिली की ती जागा कुणीतरी भरतं, आणि आपल्याकडे मुख्यतः कोळसा भरतो. भारतीय ग्रीडची सरासरी युनिटला सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड आहे. म्हणजे २७० युनिटमागे १९० किलो. एक टन पकडलात, त्यातले १९० किलो इथेच वजा. त्यानंतर पाणी उपसायची वीज, उसाची वाहतूक, नत्र खतातून निघणारा नायट्रस ऑक्साइड आणि फडात पेटवलेलं पाचट. खतं आणि पाचट तुम्ही ऊस पिकवता तोवर असणारच, त्यांचा किती वाटा साखरेवर आणि किती बगॅसवर टाकायचा यावर हिशेबाच्या वेगवेगळ्या पद्धती आहेत. तुम्ही संचालकांना एवढंच विचारा की वजाबाकी करून उरलेला आकडा किती. पकडलेल्या टनाचे पैसे कोणी देत नाही, निव्वळ उरलेल्या टनाचे मिळतात.

मग स्वीडनमध्ये हे कसं जमतं, असं तुम्ही म्हणाल. स्टॉकहोम एक्सर्जी या कंपनीने व्हार्तान इथल्या लाकूड-भुशावर चालणाऱ्या उष्णता-वीज केंद्रावर वर्षाला ८ लाख टन कार्बन डायऑक्साइड पकडायचा निर्णय मार्च २०२५ मध्ये पक्का केला. ते अमाइनऐवजी पोटॅशियम कार्बोनेटचं गरम द्रावण वापरणार आहेत. पण खरी खुबी रसायनात नाही. त्या केंद्राची उष्णता शहरातल्या घरांना गरम पाण्याच्या नळांतून जाते. कार्बन पकडताना खर्च झालेली बरीचशी उष्णता थोड्या कमी तापमानाला परत मिळते आणि तीच घरं तापवायला वापरता येते. दुसरं म्हणजे स्वीडन सरकारने उलट लिलाव करून (जो कमीत कमी मदत मागेल त्याला पैसे) त्यांना सुमारे २० अब्ज क्रोनरची हमी दिली. तिसरं, पुरायची जागा ठरलेली: जहाजाने नॉर्वेला, तिथून उत्तर समुद्राच्या तळाखाली २,६०० मीटरवर, नॉर्दर्न लाइट्स प्रकल्पात. तिथे पहिला वायू ऑगस्ट २०२५ मध्ये सोडला गेला. उष्णतेला गिऱ्हाईक, सरकारी पैसा आणि साठवणाची तयार जागा, या तिन्ही गोष्टी जुळल्यावर त्यांनी यंत्र मागवलं.

पुण्यात घरं तापवायची नसतात, पण साखर कारखाना स्वतःच कमी तापमानाच्या उष्णतेचं मोठं गिऱ्हाईक आहे. कच्चा रस ३० अंशांवरून ७० पर्यंत न्यायचा असतो. अमाइनच्या कंडेन्सरमधून आणि कॉम्प्रेसरच्या कूलरमधून सुटणारी उष्णता त्यासाठी वापरता येईल. फार मोठी आशा मात्र धरू नका, कारण वाफ वाचवणाऱ्या कारखान्यांत हे काम आधीच शेवटच्या बॉडींच्या व्हेपरवर चालतं.

धुराबद्दल अजून एक सांगते, कारण कागदावर हे कधी दिसत नाही. बगॅसच्या धुरात गंधक फार कमी असतं, ही जमेची बाजू. पण बारीक राख, सिलिका आणि पोटॅशियमचे क्षार असतात, ते ईएसपीतूनही (विजेने धुरातली राख पकडणाऱ्या यंत्रणेतूनही) थोडे निसटतात आणि द्रावणात साचत जातात. धुरातला ऑक्सिजन अमाइन सडवतो. ताज्या द्रावणाचा नमुना बाटलीत पाण्यासारखा नितळ दिसतो. धूर चालू केल्यावर काही आठवड्यांनी तोच कोऱ्या चहासारखा होतो, फेस धरतो आणि फिल्टर तुंबायला लागतात. त्याच्याकडे रोज बघणारा, नमुना काढून तपासणारा केमिस्ट लागतो. हंगाम संपला की सात महिने हा सगळा पसारा तसाच उभा राहणार आणि व्याज मात्र बारा महिने चालणार. स्पेंटवॉश (डिस्टिलरीचं सांडपाणी) जाळणारा बॉयलर असेल तर त्याचा धूर या यंत्रणेच्या जवळपासही नेऊ नका, त्यातलं पोटॅश द्रावणाची वाट लावेल. जपानमध्ये ओमुता इथल्या मिकावा केंद्रात पाम तेलाच्या बियांच्या कवचांवर चालणाऱ्या ५० मेगावॉटच्या संचाला अशी यंत्रणा २०२० पासून जोडलेली आहे, दिवसाला ५०० टनांहून जास्त पकडते. म्हणजे तंत्र चालतं. ते केंद्र हंगामी नाही, हा फरक.

आता तुमच्या डिस्टिलरीकडे चला. साखरेचं अल्कोहोल होताना जवळजवळ अल्कोहोलच्या वजनाइतकाच कार्बन डायऑक्साइड सुटतो: लिटरमागे सुमारे ०.७५ किलो. रोज १०० किलोलिटर म्हणजे ७५ टन. फर्मेंटर, म्हणजे आंबवण्याची टाकी, जोरात असताना वरच्या काचेतून पाहिलंत तर अख्खा पृष्ठभाग उकळल्यासारखा फसफसताना दिसतो, आणि व्हेंटमधून कोमट, ओलसर, आंबूस वासाचा झोत बाहेर पडत असतो. सुरुवातीची हवा निघून गेली की तो झोत जवळजवळ शुद्ध कार्बन डायऑक्साइड असतो. त्यात पाण्याची वाफ आणि थोडं अल्कोहोल, बस. अमाइन नको, वाफ नको. पाण्याने धुवायचा, सुकवायचा, दाबायचा. टनामागे शंभर-सव्वाशे युनिटमध्ये काम होतं. मळी आणि सिरप साठवता येत असल्याने डिस्टिलरी ३०० दिवस चालू शकते. हवेबरोबर जाणारा भाग सोडला तर वर्षाला १८ हजार टन तरी हाती लागतो. धोरणाचा धक्का मात्र धरून चाला. डिसेंबर २०२३ मध्ये उसाच्या रसापासूनच्या इथेनॉलवर निर्बंध आले तेव्हा किती डिस्टिलऱ्यांचे दिवस घटले ते तुम्ही पाहिलंच आहे.

तसाच दुसरा स्रोत प्रेसमडच्या, म्हणजे रस गाळताना उरणाऱ्या गाळाच्या बायोगॅसचा. बायोगॅसमध्ये ३५ ते ४० टक्के कार्बन डायऑक्साइड असतो आणि वाहनांसाठीचा सीबीजी (दाबलेला शुद्ध बायोगॅस) करताना तो वेगळा काढावाच लागतो. आज तो वर सोडून देतात. तुमच्या प्रेसमडवर सात टन सीबीजी होत असेल तर दिवसाला बारा टन वायू आयता वेगळा झालेला असतो.

अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या डेकेटरमध्ये नेमकं हेच केलं गेलं. मक्याच्या इथेनॉल कारखान्यातल्या फर्मेंटरचा वायू दाबून २,१०० मीटरच्या आसपास खोल वाळूच्या खडकात सोडला. २०११ ते २०१४ या तीन वर्षांत सुमारे १० लाख टन. बॉयलरच्या धुराला त्यांनी हात लावला नव्हता.

महाराष्ट्रातल्या काही डिस्टिलऱ्या हा वायू आजही पकडतात, पण तो शीतपेयांना, वेल्डिंगला आणि ड्राय आइसला जातो. धंदा म्हणून चांगला आहे, जरूर करा. पण बाटली उघडली की तो वायू परत हवेत. त्यावर हवेतून कार्बन काढल्याचं क्रेडिट मागणं ही फसवणूक आहे, मग कागदपत्रं कितीही गुळगुळीत असोत.

म्हणजे सगळं येऊन थांबतं जमिनीखाली. कार्बन डायऑक्साइड दाट, द्रवासारखा राहावा यासाठी तो ३१ अंश आणि ७४ बारच्या वर ठेवावा लागतो, म्हणून ८०० मीटरच्या खाली जायचं. दख्खनचा बेसॉल्ट सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरलाय, वय ६.६ कोटी वर्षांच्या आसपास. बेसॉल्टमध्ये कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि लोह भरपूर, आणि कार्बन डायऑक्साइडचं आम्लयुक्त पाणी त्यांच्याशी जुळून कार्बोनेटचा दगड बनतं. आइसलँडमध्ये कार्बफिक्स या प्रकल्पाने २०१२ मध्ये सोडलेला ९५ टक्क्यांहून जास्त वायू दोन वर्षांत दगड झाल्याचं २०१६ मध्ये प्रसिद्ध झालं. अमेरिकेत वॉलूलाला २०१३ मध्ये सुमारे एक हजार टन सोडला, तिथेही खडकाच्या नमुन्यात कार्बोनेटच्या गाठी सापडल्या. तुमच्या सल्लागारांनी हीच दोन उदाहरणं दिली असणार.

पण आइसलँडचा बेसॉल्ट तरुण आहे, सच्छिद्र आहे. आपला कसा आहे ते बघायला वाघोलीच्या दगडखाणी पुरेत. तिथल्या ताज्या फुटलेल्या कातळात वायूच्या बुडबुड्यांनी झालेल्या पोकळ्या दिसतात आणि त्यातल्या बहुतेक पांढऱ्या स्टिल्बाइटसारख्या झिओलाइट खनिजांनी आणि कॅल्साइटने, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटने गच्च भरलेल्या असतात. कॅव्हान्साइट या निळ्या खनिजासाठी या खाणी जगभरच्या संग्राहकांना माहीत आहेत. ते कॅल्साइट पाहिलं की मला एकाच वेळी आशा वाटते आणि काळजीही. आशा यासाठी की या कातळात कार्बन दगड होऊन बसतो याचा पुरावा हातात धरता येतो. काळजी यासाठी की जिथे आपल्याला वायू घुसवायचाय ती जागा निसर्गाने कोट्यवधी वर्षांपूर्वीच भरून टाकली आहे. सच्छिद्र जागा उरते ती लाव्हाच्या दोन थरांच्या मधे, लाल बोळाच्या (दोन थरांमधल्या भाजल्यासारख्या लाल मातीच्या पट्ट्याच्या) आसपास आणि भेगांत. त्या भेगा वरपर्यंत जोडलेल्या आहेत की मधल्या घट्ट थराने बंद आहेत, हाच लाखमोलाचा प्रश्न आहे, कारण वरच्या भेगांतलंच पाणी तुमच्या गावच्या बोअरला लागतं.

जाडीही सगळीकडे सारखी नाही. कोयना भागातल्या खोल बोअरमध्ये ग्रॅनाइट लागेपर्यंत बाराशे मीटरहून जास्त बेसॉल्ट मिळाला. पूर्वेला किल्लारीला तो ३३८ मीटरमध्ये संपला. इंदापूर या दोहोंच्या मधे. ८०० मीटरची अट तिथे पुरी होते का हे नकाशावर बोट ठेवून ठरत नाही, बोअर घेऊनच ठरतं. आणि जाडी भरपूर आहे म्हणून कोयनेच्या आसपास वायू सोडायचा विचार कोणी मांडला तर ठाम विरोध करा. ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप आणि धरणाच्या पाण्याशी जोडलेले तिथले धक्के माहीत असताना त्या भेगांमध्ये दाबाने काही सोडणं हा गुन्हा ठरेल.

वायू पाण्यात विरघळवून सोडला तर ८०० मीटरची अट सैल होते, आइसलँडमध्ये तेच करतात. पण तिथे टनामागे सुमारे २५ टन पाणी लागतं. तुमच्या डिस्टिलरीतून रोज हाती लागणाऱ्या ६० टन वायूसाठी दिवसाला १५ लाख लिटर. इंदापुरात उन्हाळ्यात हे पाणी कोणाच्या वाट्याचं कापणार? खोलवरचं खारं पाणी उपसून, त्यातच वायू मिसळून परत खाली सोडता आलं तर हा मार्ग खुला होतो, एरवी नाही.

दुसरी जागा समुद्रात आहे. मुंबई हायचे चुनखडकातले तेलाचे साठे १९७४ पासून माहीत आहेत आणि त्यांचा भूगर्भ आपल्या पायाखालच्या कातळापेक्षा कितीतरी बारकाईने अभ्यासलेला आहे. वायू द्रव करून टँकरने उरणपर्यंत नेणं तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही. पण ते एका कारखान्याचं काम नव्हे. दहा-बारा डिस्टिलऱ्यांनी मिळून, सरकार आणि तेल कंपनीला बरोबर घेऊनच ते उभं राहील. पाइपलाइनचा मोह मात्र इतक्यात नको. मिसिसिपीतल्या सटार्शियाजवळ २०२० मध्ये अशी पाइपलाइन फुटली आणि जड वायू गावात साचून चाळीसहून जास्त लोकांना दवाखान्यात न्यावं लागलं. हा वायू हवेपेक्षा दीडपट जड असतो, खोलगट जागी बसून राहतो. फर्मेंटर साफ करायला आधी न तपासता माणूस आत उतरवू नये, हे तुमच्या डिस्टिलरीत आजही लागू आहे.

पाचट गोळा करून बॉयलरला जास्त जळण द्यायचं, असाही एक मुद्दा त्या प्रस्तावात असेल. खोडव्यात पाचट तसंच राहू द्या. तुमच्या जमिनीला सेंद्रिय कर्बाची गरज आधी आहे.

म्हणून या हंगामात एवढं करा. फर्मेंटरच्या सामायिक व्हेंट लाइनवर प्रवाहमापक आणि वायू विश्लेषक बसवायला सांगा आणि रोजची नोंद डिस्टिलरीच्या लॉगबुकमध्ये ठेवा, म्हणजे ७५ टनांपैकी खरोखर किती हाती येतो ते कळेल. त्या आकड्यावर शीतपेय दर्जाचा वायू विकण्याचा छोटा प्रकल्प बसत असेल तर तो करा, त्यातून सुकवण्या-दाबण्याची यंत्रणा आणि ती चालवणारी माणसं तयार होतील. शेजारच्या कारखान्यांच्या डिस्टिलऱ्यांना तीच नोंद ठेवायला लावा. मग एकत्र येऊन मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटकडे, पवईच्या आयआयटीतल्या कार्बन पकडणं आणि वापरणं यावरच्या राष्ट्रीय केंद्राकडे आणि कराडच्या भूभौतिकी प्रयोगशाळेकडे एकच मागणी करा: भीमा खोऱ्याच्या या भागात एक खोल तपासणी बोअर, गाभ्याच्या नमुन्यांसकट. त्याचा खर्च कारखान्याने एकट्याने उचलायचा नाही. आणि त्या कंपनीला लेखी तीन गोष्टी मागा: वाफेचा ताळेबंद, वजाबाकीनंतरचे निव्वळ टन, आणि वायू पुरण्याच्या जागेचा बोअर लॉग (किती खोलीवर कोणता खडक लागला याची नोंद). तिसरा कागद येईपर्यंत आगाऊ क्रेडिटच्या कोणत्याही करारावर चेअरमनसाहेबांची सही होऊ देऊ नका.